संशोधनसंस्थेत कलाकार: परदेशातल्या रेसिडेन्सीजबद्दल माहिती आणि अनुभव

मातीकाम | २ जून, रात्री १०:१५

गेल्या महिन्याभरात तिघांनी फोन करून एकच विचारलं, "तू त्या विद्यापीठात तीन महिने राहिलीस ते नक्की काय होतं? आम्हाला कसं मिळेल?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथे धागा काढते. ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घाला, माझं चुकलं तर सांगा.

मी कोल्हापूरजवळ राहते, कुंभारकाम करते. घरात हे काम कुणी करत नव्हतं. कलाशाळेत शिकले आणि मग एका कुंभार काकांकडे सहा वर्षं काढली. परदेशातली माझी पहिली रेसिडेन्सी (म्हणजे कलाकारानं काही काळ एखाद्या संस्थेत राहून काम करणं) नेहमीसारखी होती: खोली, स्टुडिओ, भट्टी, शेवटी प्रदर्शन. छान होती. दुसरी युरोपातल्या एका विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात होती आणि तिथे भट्टीच नव्हती.

तिथे एक बाई जुन्या खापरांवर संशोधन करत होत्या. खापराचा तुकडा राळेत भिजवून घट्ट करायचा, काचपट्टीवर चिकटवायचा आणि घासत घासत ०.०३ मिलिमीटरपर्यंत पातळ करायचा. मग त्यातून उजेड आरपार जातो. मी जाताना काकांच्या एका फुटक्या माठाचा तुकडा नेला होता. बाईंनी त्याचा काप करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि म्हणाल्या, बघ. ज्या मातीला मी रोज हात लावते ती मी पहिल्यांदा आतून पाहिली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे बारके कण, मधेच निळे-नारिंगी चमकणारे तुकडे. सगळा आपला सह्याद्रीचा काळा दगड, नदीनं दळून आणलेला. तबकडी फिरवली की रंग विझायचे, पुन्हा पेटायचे. मी अर्धा तास हललेच नाही.

त्या कापात लांबट पोकळ्या दिसत होत्या. बाई म्हणाल्या, "इथे काहीतरी जळून गेलंय. गवत कापून घातलं असावं." मी म्हटलं, गवत नाही, लीद. काका लीद वाळवतात, कुटतात, चाळतात आणि मातीत मळतात. जनावरानं आधीच चावलेली असल्यामुळे तिचे धागे बारीक असतात आणि मातीत सारखे पसरतात. बाई वीस वर्षं खापरं बघत होत्या, पण लीद मळणाऱ्या माणसाशी कधी बोलल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून आमचं काम ठरलं. मी तूस घातलेली, लीद घातलेली, राख घातलेली आणि काहीच न घातलेली अशा वड्या करायच्या, दुसऱ्या विभागाच्या छोट्या विजेच्या भट्टीत भाजायच्या, आणि दोघींनी मिळून त्यांचे काप वाचायचे. त्या वड्यांचे काप आता त्यांच्या संदर्भ-संग्रहात आहेत. आणि मी परत आल्यापासून माती मळताना डोळ्यांसमोर ते धागे असतात. माझी भांडी बदलली आहेत, हे काकांनी मला न विचारता सांगितलं.

म्हणून मला एक गोष्ट अगदी मनापासून वाटते: अशा ठिकाणी जाताना काम घेऊन जाऊ नका, प्रश्न घेऊन जा. तिथल्या माणसालाही तो प्रश्न पडायला हवा, तरच तीन महिन्यांचं काहीतरी होतं. याच्या उलट अनुभवही आहे. एका संस्थेनं मला आधी बोलावलं होतं, पण पत्रव्यवहार पुढे गेला तसं कळलं की त्यांना दर्शनी दालनात ठेवायला रेणूंच्या आकाराची भांडी हवी होती. संशोधक कुणी भेटणार नव्हते. मी नाही म्हटलं, आणि ते नाही म्हणताना मला फार वाईट वाटलं होतं.

तुम्हाला माहीत असलेल्या जागा लिहा.

कृष्णविवर | २ जून, रात्री ११:५०

ताई, ते काप वाचताना अंगावर काटा आला.

मी जिनिव्हाच्या बाजूला काही वर्षं होतो, त्यामुळे तिथल्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेबद्दल लिहितो. तिथे २०११ मध्ये कलाकारांसाठीचा कार्यक्रम सुरू झाला. आरियान कोएक यांनी तो उभा केला. मुख्य रेसिडेन्सीचं नाव 'कोलाइड'. कलाकाराला एक शास्त्रज्ञ जोडून देतात. त्यानं कलाकाराला भौतिकशास्त्र शिकवावं अशी अपेक्षा नसते. दोघांनी भेटत राहायचं, बोलत राहायचं, एवढंच.

पहिला मान ज्युलियस फॉन बिस्मार्क या जर्मन कलाकाराला मिळाला. त्यानं तिथे केलेली कलाकृती साधी वाटते: छतापासून टांगलेले चार दिवे गोल गोल फिरतात. थोडा वेळ बघितलं की कळतं, त्यांच्या फिरण्यात एक हिशेब आहे. ते एका लयीत येतात, सुटतात, पुन्हा जुळतात. त्यानंतर जिल जोबँ हा जिनिव्हाचा नृत्यदिग्दर्शक आला. त्याचं 'क्वांटम' हे नृत्य २०१३ मध्ये सर्नच्याच सीएमएस या प्रयोगाच्या जागी झालं, आणि त्यात उजेड होता तो याच फिरणाऱ्या दिव्यांचा. हिग्ज बोसॉन हा कण सापडल्याची घोषणा ४ जुलै २०१२ ची, म्हणजे हे सगळं त्याच गडबडीच्या दिवसांत चाललं होतं. कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्राचं २७ किलोमीटरचं वर्तुळ, सुमारे शंभर मीटर जमिनीखाली, हजारो लोक आकड्यांच्या मागे, आणि त्यात एक माणूस विचारतोय की कणांची हालचाल शरीरात कशी आणायची.

मला सगळ्यात आवडलेलं काम मात्र 'सेमीकंडक्टर' या ब्रिटिश जोडीचं. ते २०१५ मध्ये तिथे होते. पुढे २०१८ मध्ये त्यांनी 'हेलो' केलं: माणूस आत उभा राहू शकेल असा गोल, भोवती उभ्या तारा, त्यांवर पडणाऱ्या बारक्या हातोड्या. अ‍ॅटलास प्रयोगातल्या प्रोटॉनच्या टकरींची माहिती प्रकाश होऊन फिरते आणि तारा वाजतात. आम्ही ती माहिती पडद्यावर आलेख म्हणून बघायचो. तिचं वाद्य होऊ शकतं हे आमच्या डोक्यात कधीच आलं नव्हतं.

जाता जाता: सर्नच्या आवारात नटराजाची मोठी मूर्ती आहे, २००४ मध्ये भारत सरकारनं भेट दिलेली. थंडीत जेवणानंतर मी तिथपर्यंत चालत जायचो.

शाईपेन | ३ जून, सकाळी ८:२०

लिहिणाऱ्यांसाठीही आहे का असं काही? की फक्त दृश्यकला आणि नाच-गाणं?

मला आठवतंय ते अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचं. तिथला आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम १९६७ मध्ये पॉल एंगल आणि न्ये ह्वालिंग यांनी सुरू केला. आपले दिलीप चित्रे १९७५ ते ७७ तिथे होते. पण तो लेखकांनी लेखकांत राहण्याचा प्रकार. मला विचारायचंय ते वेगळं: इतिहासकार, जीवशास्त्रज्ञ, भाषाशास्त्रज्ञ यांच्यात एक मराठी लेखक जाऊन राहू शकतो का?

कारण माझी कादंबरी दुष्काळावर आहे आणि गेली चार वर्षं अडली आहे. मला गोष्ट माहीत आहे, माणसं माहीत आहेत. पण विहिरीचं पाणी खाली जातं म्हणजे दगडाच्या आत काय होतं, हे मला कुणी बसून सांगितलेलं नाही. पुस्तकं वाचली, त्यानं भागलं नाही.

खडूफळा | ३ जून, दुपारी १:०५

शाईपेन, तुमच्यासाठी बर्लिनचं विसनशाफ्ट्सकोलेग. १९८१ मध्ये सुरू झालं. दरवर्षी चाळीसेक जण वर्षभरासाठी येतात, बहुतेक सगळे विद्वान, पण त्यांत लेखक आणि संगीतकारही असतात. शिकवायचं काही नाही. दोन गोष्टी मात्र पाळायच्या: जेवण सगळ्यांनी एकत्र घ्यायचं, आणि आपल्या कामाबद्दल एकदा सगळ्यांसमोर बोलायचं. मुंग्यांवर काम करणारा आणि मध्ययुगीन कायद्यावर काम करणारी एका टेबलावर येतात ती या जेवणामुळे. इटलीत कोमो सरोवराकाठी बेलाजिओला रॉकफेलर फाउंडेशनचं केंद्र आहे, १९५९ पासून. मुक्काम महिन्याभराचा, पण रीत तीच: अभ्यासक आणि कलाकार एका छताखाली, एका पंगतीत. या संस्थांनी पंगतीला एवढं महत्त्व दिलंय, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

मी कलाशाळेत शिकवतो. एक शंका मांडतो, कारण ती विद्यार्थ्यांना लागू आहे. बऱ्याच ठिकाणी कलाकाराला बोलावतात ते विज्ञानाचा प्रचार करायला. निष्कर्ष तयार असतात, कलाकारानं ते देखणे करायचे. मातीकाम यांनी सांगितलेलं रेणूंचं उदाहरण तेच. ज्यांनी याच्या पलीकडे पाहिलं त्यांचा इतिहास विद्यार्थ्यांनी वाचायला हवा.

१९६६ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये दहा कलाकार आणि बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेचे तीसेक इंजिनिअर यांनी मिळून नऊ संध्याकाळी प्रयोग केले. चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग आणि इंजिनिअर बिली क्लुव्हर त्यात पुढे होते. त्यातून निघालेल्या संस्थेनं पुढे गुजरातेत आणंदच्या दूध सहकारी संस्थेसाठी शैक्षणिक दूरदर्शनचा प्रकल्पही आखला होता, १९६९ मध्ये. त्याच १९६६ साली लंडनमध्ये बार्बरा स्टेव्हेनी आणि जॉन लॅथम यांनी कलाकारांना कारखान्यांत आणि सरकारी खात्यांत बसवण्यासाठी एक गट काढला. त्यांचं तत्त्व होतं, संदर्भ म्हणजेच निम्मं काम. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात ग्यॉर्गी केपेश यांनी कलाकारांसाठी केंद्र काढलं.

आणि पर्थचं सिम्बायोटिका. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात, शरीररचनाशास्त्राच्या विभागात, २००० मध्ये सुरू झालेलं. तिथे कलाकार शास्त्रज्ञाच्या खांद्यावरून डोकावत बसायचे नाहीत. स्वतः हातमोजे घालून पेशी वाढवायला शिकायचे. ओरॉन कॅट्स आणि आयोनॅट झुर यांनी जिवंत पेशींपासून बोटभर उंचीचा कोट वाढवला, 'बळीविना चामडं' अशा अर्थाच्या नावाचा. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तो इतका वाढू लागला की क्युरेटरला त्याचं पोषण बंद करावं लागलं. म्हणजे तिला तो मारावा लागला. कोट जिवंत होता का, हा प्रश्न तोवर वर्गात विचारायचा प्रश्न होता. त्या दिवशी एका बाईला स्वतःच्या हातानं त्याचं उत्तर द्यावं लागलं. कलाकार प्रयोगशाळेत गेल्यानं काय होतं, असं कुणी विचारलं की मी हे सांगतो.

मध्यलय | ३ जून, रात्री ९:४०

वाचतोय सगळं. मी गातो, तानपुरे लावतो, शिकवण्या घेतो. वय ४१. इंग्रजी कामापुरतं. असल्या ठिकाणी मला कोण घेणार, असं वाटतं. शिवाय पैसे, व्हिसा, घरी आई. कुणीतरी सरळ सांगा की हे आपल्यासारख्यांसाठी आहे की नाही.

मातीकाम | ३ जून, रात्री ११:१०

मध्यलय दादा, आहे. माझंही इंग्रजी कामापुरतंच होतं. बाईंचं तर माझ्याहून कच्चं.

पैशांचं आधी. चांगल्या रेसिडेन्सीत तुम्हाला मानधन मिळतं, राहायला जागा मिळते, बहुतेक ठिकाणी प्रवासखर्चही. जे तुमच्याकडूनच महिन्याचे पैसे मागतात ते भाड्यानं खोली देताहेत, नाव काहीही असो. माझ्या एका मैत्रिणीनं अशाच एका ठिकाणी दोन लाख भरले. गेल्यावर कळलं की विद्यापीठाशी संबंध म्हणजे वाचनालयाचं ओळखपत्र. अर्ज करण्याआधी तिथे राहून आलेल्या दोघांना तरी मेल करा. लोक उत्तर देतात.

व्हिसा: शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत, कमी मुदतीचा व्हिसा म्हणजे कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. त्याहून जास्त राहायचं तर त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा लागतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून निवडीचं पत्र आलं की त्याच आठवड्यात वेळ घ्यायची. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. निमंत्रणपत्रात मानधन, राहण्याची सोय आणि तारखा स्पष्ट लिहून घ्या. माझ्या पहिल्या पत्रात राहण्याचा उल्लेख नव्हता, तेवढ्यावरून दुसरी खेप झाली.

आता अर्ज. माझा पहिला, नाकारला गेलेला अर्ज असा सुरू होत होता: "भारतीय मृत्तिकापरंपरा आणि निसर्ग यांच्यातला संवाद माझ्या कामातून उलगडतो." निवडला गेलेला असा: "आमच्याकडे लीद घातलेल्या माठात पाणी जास्त गार राहतं असं म्हणतात. लीद जळून मातीत ज्या पोकळ्या राहतात त्यांतून पाणी पाझरतं आणि वाऱ्यानं उडतं, हे मला ढोबळ माहीत आहे. त्या पोकळ्या कशा दिसतात ते मला बघायचंय, आणि काकांच्या हाताला योग्य मळण कशी कळते ते समजून घ्यायचंय." दोन्ही अर्ज मीच लिहिले होते, मधे दोन वर्षं गेली होती. पहिला वाचून मला कुणी काय विचारणार होतं?

दादा, तुम्हाला तानपुऱ्याबद्दल न सुटलेलं असं काय आहे? तेवढंच लिहा.

रानवारा | ४ जून, सकाळी ११:३०

मी जर्मनीत श्टुटगार्टला असते. गावाबाहेर टेकडीवर अकादमी श्लॉस सॉलिट्यूड आहे. वुर्टेमबर्गच्या ड्यूकनं १७६३ ते ६९ मध्ये बांधलेला प्रासाद, त्याच्या बाजूच्या इमारतींत १९९० पासून कलाकार राहतात. कवी शिलरचे वडील इथल्या बागांचे प्रमुख होते. लेखक, संगीतकार, वास्तुविशारद, चित्रकार सगळे असतात, आणि २००२ मध्ये कला, विज्ञान आणि उद्योग यांना जोडणारा वेगळा कार्यक्रमही सुरू झाला. त्यांचे खुले दिवस असतात तेव्हा मी मुलाला घेऊन जाते. मध्यलय, हिवाळ्यात टेकडीवर एकटं वाटू शकतं. जो येईल त्याला आमच्याकडे वरणभात आहे, हे खरंच सांगते.

मध्यलय | ५ जून, पहाटे ५:५५

रात्रभर विचार केला. लिहितो, कसं वाटतं सांगा.

मिरजेला आमचे तानपुरे होतात. भोपळा पंढरपूरकडचा. तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा सपाट नसतो, अगदी किंचित उतरता असतो. कारागीर तो कानसीनं घासतात, तार छेडून ऐकतात, पुन्हा घासतात. याला जवारी काढणं म्हणतात. मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवायचा. धागा केसभर पुढे-मागे झाला की आवाज उघडतो नाहीतर मिटतो. मला गेली वीस वर्षं पडलेला प्रश्न असा: कारागीर घासायचं थांबतो तेव्हा त्याला काय ऐकू आलेलं असतं? मी विचारलं तर म्हणतात, "बोलायला लागली की थांबायचं." दोन कारागिरांची 'बोलायला लागली' एकच असते का? आणि माझ्या गळ्यानुसार ती बदलते का, कारण एकाच माणसानं काढलेली जवारी मला आणि माझ्या विद्यार्थिनीला वेगळी हवी असते.

हा प्रश्न म्हणून चालेल का?

कृष्णविवर | ५ जून, सकाळी ७:१५

दादा, चालेल का म्हणून काय विचारता! सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये नेमकं यावर लिहिलं होतं. नियम असा होता की तार ज्या बिंदूवर छेडाल, तिथे ज्या स्वरांशाची (तारेच्या स्वरात मिसळलेल्या वरच्या स्वराची) गाठ, म्हणजे न हलणारा बिंदू, असेल तो स्वरांश ऐकू यायला नको. तानपुऱ्यात आणि वीणेत तो ऐकू येतो. रामन यांनी याचं कारण घोडीच्या त्या पसरट माथ्यात शोधलं. तार तिथे घासत, टेकत, सुटत राहते आणि वरचे स्वरांश पुन्हापुन्हा जागे होतात. पण कारागीर कुठे थांबतो, हे त्या भौतिकशास्त्रात नाही. तुमचा प्रश्न तिथून पुढचा आहे.

पॅरिसला पाँपिदू कलाकेंद्राच्या शेजारी इरकाम ही संगीत-संशोधनाची संस्था आहे. पिएर बुलेझ यांनी उभं केलेलं, १९७७ मध्ये उघडलेलं. ध्वनिशास्त्रज्ञ आणि संगीतकार एकत्र काम करतात, प्रतिध्वनी अजिबात नसलेली खोली आहे, आणि कलाकारांसाठी संशोधन-रेसिडेन्सी आहे. तिथे अर्ज करा. ध्वनिशास्त्राचा भाग लिहायला मी मदत करतो.

शाईपेन | ५ जून, सकाळी ९:००

मी माझाही प्रश्न एका ओळीत लिहून काढला: "विहीर आटली हे बाईला पोहऱ्याच्या आवाजावरून आधी कळतं, भूजलवाल्याला कशावरून कळतं?" कादंबरीचं पहिलं पान यातूनच सुरू होईल असं वाटतंय.

मातीकाम | ५ जून, सकाळी ९:२५

दादा, आता अर्जासोबत पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण द्या. घासण्याआधीची तार, घासतानाची, आणि थांबल्यानंतरची. लिहिण्यापेक्षा तेच जास्त सांगेल.

मध्यलय | ५ जून, रात्री १०:३०

मिरजेला फोन केला. रविवारी जातोय. ज्यांच्याकडे माझे तानपुरे होतात ते काका म्हणाले, रेकॉर्डिंग करायचं तर सकाळी सातच्या आत या. नंतर रस्त्यावर गाड्या सुरू होतात, तेव्हा आम्हीसुद्धा जवारीला हात लावत नाही.